जवारी सगळ्यात शेवटी

आजऱ्याचा पाऊस लाकडाला सोडत नाही. हिरण्यकेशी उगम पावते ती आंबोली इथून फार लांब नाही आणि तिथला पाऊस घाटमाथा ओलांडून आजऱ्यापर्यंत पोचतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दारं चौकटीत अडकतात, कपाटातल्या कपड्यांना वास येतो, चामड्याच्या चपलेवर पांढरी बुरशी धरते. घनसाळ भाताला ही हवा मानवते, तानपुऱ्याला मानवत नाही. तो बिचारा भोपळ्याचा, तूणच्या लाकडाचा आणि सरसाचा. तिन्ही वस्तू हवेतलं पाणी पितात.

कोल्हापूर आणि मिरज या दोन गावांमुळे आपल्या भागात गाणं शिकण्याची हौस जुनी आहे. कोल्हापुरात १८८३ पासून देवल क्लब ही संगीतसंस्था आहे. मिरजेत तर तानपुरे घडतातच. त्यामुळे आजरा, गडहिंग्लज, उत्तूर भागातल्या जुन्या घरांत कुणा काकांनी, आत्यांनी घेतलेला तानपुरा अजून सापडतो. गाणारं माणूस गेलं किंवा गावाबाहेर पडलं, पुढे इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी आली, मग ती मोबाइलमध्येच शिरली, आणि खरा तानपुरा गवसणीसकट कोपऱ्यात किंवा माळ्यावर गेला. वर्षानुवर्षांनी घरातलं एखादं मूल गाणं शिकायला लागतं आणि तो खाली उतरतो. तार छेडली की ‘ठण्’ असा कोरडा आवाज येतो, किंवा सगळं अंग खरखरतं. बघणारा लगेच निदान करतो, ‘जवारी गेली.’ आणि कुणीतरी कानस हातात घेतो.

ती कानस खाली ठेवायला सांगण्यासाठीच हा लेख आहे. जवारी खरंच गेलेली असू शकते, पण ती तपासायची सगळ्यात शेवटी. का, ते कळायला जवारी म्हणजे काय हे आधी बघावं लागेल.

गिटारची किंवा व्हायोलिनची तार घोडीच्या एका धारदार कडेवर टेकते. तानपुऱ्याची घोडी वरून रुंद आणि किंचित फुगीर असते. दांडीच्या बाजूला तिचा पृष्ठभाग अगदी हलका उतरत जातो. तार कंप पावते तेव्हा ती या उतारावर कधी थोडी टेकते, कधी थोडी सुटते. म्हणजे कंप पावणारी लांबी क्षणाक्षणाला किंचित बदलते आणि मूळ सुरासोबत वरचे स्वर सतत नव्यानं जागे होत राहतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर लिहिताना नेमकी हीच गोष्ट टिपली. तार ज्या बिंदूवर छेडतो तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू पडतो, तो उपस्वर नियमानं ऐकू यायला नको. तानपुऱ्यात तो स्पष्ट ऐकू येतो. ही करामत घोडीच्या त्या उताराची, म्हणजेच जवारीची, आणि तारेखाली सरकवलेल्या सुती दोऱ्याची. दोरा तारेला उतारावरून केसभर उचलतो आणि टेकण्याची जागा पक्की करतो.

आता विचार करा. तार उतारावर कुठे टेकेल हे कशावर ठरतं? घोडी किती उंच आहे, तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी फळीवर, ती सरळ उभी आहे का, तबली खचली आहे का, दांडी पुढे झुकली आहे का, तार सारखी आहे की गंजून खडबडीत झाली आहे, या सगळ्यावर. यातलं काहीही बिघडलं तर आवाज बिघडतो आणि दोष जवारीच्या माथी येतो. दांडी झुकलेली असताना तुम्ही घोडी घासून आवाज जमवलात, तर पुढे दांडी बसवल्यावर तो पुन्हा बिघडणार. तोवर घोडीचं हाड मात्र झिजून गेलेलं असणार, आणि घासलेलं हाड परत येत नाही.

पहिली गोष्ट, हे काम पावसाळ्यात काढू नये. ओल्या हवेत फुगलेला जोड घट्ट वाटतो, भेग मिटलेली दिसते आणि निदान चुकतं. सुगी सरल्यावर, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत तानपुरा माळ्यावरून उतरवावा आणि दोन-तीन आठवडे राहत्या खोलीत, भिंतीपासून जरा दूर, नुसता ठेवावा. उन्हात मात्र अजिबात नको. ओल काढायची म्हणून अंगणात ठेवलेल्या तानपुऱ्याचा भोपळा एका दुपारीत तडकू शकतो, कारण बाहेरची साल झपाट्यानं आकसते आणि आतला थर अजून ओलाच असतो. चुलीवरच्या माळ्यावर राहिलेल्या तानपुऱ्याचं दुखणं उलटं असतं. तिथे धुरानं कीड लागत नाही, पण लाकूड फार वाळतं आणि सांधे सुटतात. तुमचा तानपुरा कुठे होता हे आठवून ठेवा. पुढची निम्मी उत्तरं त्यातच असतात.

तारा सोडायच्या आधी एक काम विसरू नये. घोडी तबलीला चिकटवलेली नसते, नुसत्या तारांच्या दाबानं उभी असते. तारा सैल होताच ती पडेल. म्हणून घोडीच्या पायांभोवती मऊ पेन्सिलनं बारीक खूण करा. घोडी आधीच पडली असेल तर तबली तिरप्या उजेडात धरून बघा. जिथे घोडी वर्षानुवर्षं उभी होती तिथे पॉलिशचा रंग वेगळा राहिलेला असतो, पायांचे दोन ठसे दिसतात. ती जागा बनवणाऱ्यानं कानानं ठरवलेली असते. ती हरवली तर पुन्हा शोधणं जिकिरीचं होतं.

मग तारा हळूहळू सैल करायच्या, चारी थोड्या थोड्या, एक पूर्ण सोडून मग दुसरी असं नाही. आणि कोरड्या मऊ ब्रशनं धूळ, बुरशी झाडायची. इथे एक इशारा. बुरशी स्पिरिटनं पुसायचा मोह होतो, पण जुन्या तानपुऱ्यांवर लाखेचं पॉलिश असतं आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फडकं लाल झालं की समजायचं, पॉलिश निघतंय. कोरडं फडकं, फार तर घट्ट पिळून जवळजवळ कोरडं केलेलं, एवढंच पुरे.

आता भोपळा. हा आपल्या खाण्यातला भोपळा नाही. मुद्दाम तानपुरा-सतारीसाठी वाढवलेली, कडू, मोठी, जाड सालीची जात असते आणि मिरजेला ती मुख्यतः पंढरपूरकडून, सोलापूर जिल्ह्यातून येते. वाळला की तो हलका, ताठ आणि ठिसूळ होतो. त्याच्यावर बोटाच्या पेरानं सगळीकडून हलके टिचक्या मारत जा. निरोगी भोपळा सगळीकडे साधारण एकाच जातीचा, भरीव आवाज देतो. भेग असेल तिथे आवाज फुटतो, चिरचिरतो. बुरशीनं आतून सडलेल्या जागी तो मेलेला, पुठ्ठ्यासारखा येतो आणि अंगठा दाबला तर साल किंचित आत जाते. अशी मऊ जागा तळाला सापडली तर काळजीचं कारण आहे, कारण आजऱ्यासारख्या ठिकाणी जमिनीवर टेकून ठेवलेल्या तानपुऱ्यात ओल तळातूनच चढते.

मग कीड. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली तर किडा जिवंत आहे की जुना, हे बघायचं. तानपुरा पांढऱ्या कागदावर आठवडाभर ठेवा. कागदावर पिठासारखा ताजा भुसा पडला तर किडा आत आहे. प्रत्येक भोकात बारीक सुईच्या पिचकारीनं लाकडाच्या किडीचं औषध सोडायचं, काही दिवस थांबून पुन्हा कागदाची परीक्षा घ्यायची, आणि भुसा थांबला की भोकं मेणानं बुजवायची. भुसा न येणारी भोकं म्हणजे जुना इतिहास, त्यांना घाबरायचं कारण नाही.

भेगेचं कसं करायचं? केसासारखी, न हलणारी भेग बाहेरून पातळ सरस किंवा पातळ केलेला लाकडाचा गोंद मुरवून बंद होते. दोन्ही ओठ अंगठ्यानं वरखाली हलत असतील तर मात्र आतून कापडाची पट्टी लावावी लागते. इथे तानपुरा गिटारपेक्षा अवघड आहे. गिटारच्या मधोमध मोठं भोक असतं, आरसा आणि बॅटरी घालून आतली प्रत्येक पट्टी बघता येते, हातही जातो. तानपुऱ्याची तबली बहुधा बंद असते. आत जायचं तर तबली उकलावी लागते आणि ते काम कारागिराचंच. घरी भेग ओळखावी, मोजावी, तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करावी आणि महिन्यानं ती खुणेपलीकडे गेली का ते बघावं. न वाढणाऱ्या भेगेसह तानपुरे वर्षानुवर्षं उत्तम वाजतात.

भोपळ्यानंतर गळा, म्हणजे जिथे दांडी भोपळ्याला मिळते तो जोड. माझ्या मते दुर्लक्षित तानपुऱ्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी ओळखला जाणारा दोष इथे असतो. जुने जोड सरसानं केलेले असतात. सरस म्हणजे जनावरांची कातडी-हाडं उकळून काढलेला गोंद. तो कोरड्या हवेत दगडासारखा, ओल्या आणि उबदार हवेत मात्र मऊ पडणारा. चारी तारा ताणलेल्या ठेवून तानपुरा पावसाळ्यामागून पावसाळे उभा राहिला, की दरवर्षी सरस थोडा नरमतो आणि तारांचा ताण दांडीला थोडी पुढे ओढतो. बघायची रीत सोपी आहे. एकानं भोपळा मांडीत धरायचा, दुसऱ्यानं दांडीच्या टोकाला अगदी हलका दाब द्यायचा, आणि जोडाच्या रेषेवर नखाचं टोक ठेवायचं. नखाला हालचाल जाणवली तर जोड सुटला आहे. कधी पॉलिशमध्ये नुसती काळी रेष दिसते, तीही पुरेशी खूण आहे.

सरसाचा गुण असा की तो वाफेनं, उष्णतेनं पुन्हा सुटतो. म्हणून कारागीर जोड स्वच्छ उकलतो, जुना सरस खरवडतो, नवा गरम सरस लावतो, सुतळीनं आवळून बांधतो आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावत नाही. याच कारणानं घरी त्या फटीत अ‍ॅरल्डाइट भरू नका. तो जोड पुन्हा कधीच स्वच्छ उकलत नाही, आणि वाकड्या कोनात चिकटलेली दांडी सरळ करायला लाकूड कापावं लागतं.

दांडी स्वतः वाकली आहे का, हे तिच्या टोकाकडून एक डोळा मिटून बघावं. इथे दिलासा आहे. सतारीला पडदे असतात, गिटारला पट्ट्या असतात. दांडी थोडी वाकली तरी त्यांच्यावर बोट दाबणं अवघड होतं आणि सूर हलतो. तानपुऱ्यावर बोट दाबायचंच नसतं. चारी तारा मोकळ्याच वाजतात. त्यामुळे थोडा बाक आला असेल तर तो स्वीकारावा. सरळ करायच्या नादात दांडी तापवणं हा उपाय रोगापेक्षा वाईट.

खरखरीचा शोध हा वेगळाच विषय आहे आणि मला तो फार आवडतो. जवारीचा झंकार आणि सैल भागाची खरखर यांत फरक असतो. झंकार तारेबरोबर उमलतो आणि तारेबरोबर विरतो. खरखर एखाद्याच सुराला येते आणि सूर बदलला की नाहीशी होते. मदतनीसाला एक तार सारखी छेडायला सांगा आणि तुम्ही अंगठ्यानं एकेक जागा दाबत जा. दांडी आतून पोकळ असते, तिच्यावरची पातळ पट्टी एखाद्या ठिकाणी उचकटलेली असू शकते. तबलीच्या कडेची पांढरी नक्षीची पट्टी सुटलेली असू शकते. सूर बारीक जुळवायचा तारेतला मणी सैल असू शकतो. ज्या जागी दाबताच खरखर थांबते, तो दोष. गोंदाचा एक थेंब आणि रात्रभर बांधलेली कापडाची पट्टी एवढ्यावर तो जातो. जवारी बिघडली असं समजून मिरजेपर्यंत नेलेल्या तानपुऱ्याचं दुखणं असं एखाद्या सुटलेल्या पट्टीत निघतं.

तबली वरून किंचित फुगीर असते. तिच्यावर पट्टी धरून उजेड बघावा. घोडीखाली खळगा पडला असेल तर तबली खचतेय. आणि घोडीचे पाय तबलीला पूर्ण टेकतात का, हे बघायला पायांखाली कार्बन पेपर ठेवून घोडी हलकी दाबावी. ठसा अर्धाच उमटला तर तारेचा अर्धाच कंप लाकडात उतरतो आहे. पाय तबलीच्या उंचवट्याशी जुळवून घासणं हे घोडीच्या माथ्याला हात लावण्याआधीचं काम. इथे घासायचं ते पाय, माथा नव्हे.

खुंट्या पावसात अडकतात आणि उन्हाळ्यात घसरतात. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेनं जास्त फुगतं, लांबीच्या दिशेनं जवळजवळ नाहीच. त्यामुळे गोल खुंटी आणि तिचं गोल भोक दोन्ही वर्षानुवर्षांत किंचित लंबगोल होतात. अडकलेली खुंटी पक्कडीनं पिळायची नाही, डोकं तुटतं. कोरड्या हवेची वाट पाहा, मग बारीक टोकाकडून लाकडाच्या तुकड्यानं हलकेच ठोकून सैल करा. काढल्यावर तिच्या अंगावर चकाकणारे पट्टे दिसतील, तेवढ्याच ठिकाणी ती टेकत होती. साधा पांढरा खडू घासून फिरवली की पकड येते. फार कोरडी, करकरणारी खुंटी असेल तर खडूआधी साबणाचा अगदी पुसट हात. खुंटी नेहमी फिरवता फिरवता आत दाबायची, नुसती फिरवली तर ती परत येतेच.

आता तारा. जुन्या तारेवर आवाजाचं मत बनवू नका. गंजलेल्या पोलादी तारेची जाडी जागोजागी बदललेली असते, तिचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, आणि कितीही लावली तरी ती बेसूरच वाटते. चारी तारा नव्या घ्या. पंचम, जोडीच्या दोन आणि खर्ज. पोलादी कुठल्या आणि पितळी कुठली हे गाणाऱ्याच्या सुरावर ठरतं. हार्मोनियमच्या काळी चार-पाच पट्टीत लावलेल्या बायकांच्या तानपुऱ्याला खर्जाची पितळी आणि बाकी पोलादी असा प्रघात आहे. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषांच्या तानपुऱ्याला तारा जाड लागतात. बायकांच्या तानपुऱ्यावर पुरुषी सूर लावला तर तारा लोंबतात आणि जवारी बोलत नाही. उलट केलं तर गळ्याचा जोड संकटात येतो. नव्या तारा पहिल्या दिवशी निम्म्या सुरापर्यंतच चढवा. दुसऱ्या दिवशी थोड्या वर. लाकडाला ताण पुन्हा अंगवळणी पडायला वेळ लागतो.

एवढं सगळं झाल्यावर, आणि झाल्यावरच, दोरा घाला. सुती दोऱ्याचा छोटा तुकडा तारेखाली, घोडीच्या माथ्यावर दांडीच्या बाजूला. तो अगदी सावकाश सरकवत तार छेडत राहा. एका ठिकाणी आवाज अचानक उघडतो, गंधार ऐकू यायला लागतो. तो आला तर तुमची जवारी शाबूत आहे आणि काम संपलं. दुर्लक्षित तानपुऱ्यात कित्येकदा दोरे गळून हरवलेले असतात, एवढाच दोष असतो.

दोरा कुठेही ठेवला तरी आवाज बंद राहिला किंवा नुसती कर्कश तिडतिड आली, तर घोडीचा माथा भिंगातून बघा. तारांनी कापलेल्या बारीक खाचा दिसतील. खरी जवारी काढायची ती आता. कारागीर बारीक कानशीनं खाच नाहीशी होईपर्यंत सगळा माथा समतल करतो, मग दांडीकडचा उतार घडवतो, तारा चढवतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो आणि पुन्हा एक हात मारतो. खुली, गोल की बंद जवारी हवी हे गाणाऱ्यानं सांगायचं असतं. चांगल्या हाताला यात अर्धा दिवस जातो आणि जाऊ द्यावा. जुनी घोडी सांबरशिंगाची असेल तर ती जपा. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तसं शिंग आता वापरता येत नाही आणि नव्या घोड्या उंटाच्या हाडाच्या, लाकडाच्या किंवा कृत्रिम पदार्थाच्या असतात.

हा हात मिळतो मिरजेत. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची कामं आटली तेव्हा तिथल्या शिकलगार घराण्यांनी वाद्यं घडवायला घेतली. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता, पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा सुराचा कठोर पारखी गावातच राहायला आला. सतारमेकर गल्लीत आजही त्याच घराण्यांचे वंशज बसतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आजऱ्याहून नेताना तारा उतरवून पण न काढता, घोडी वेगळ्या रुमालात बांधून, भोपळ्याभोवती गोधडी गुंडाळून न्यावा. गाडीत आडवा ठेवला तरी भोपळ्यावर दुसरं सामान नको. सोबत दोन गोष्टी लिहून न्याव्यात: गाणाऱ्याचा सूर कोणता, आणि तानपुरा इतकी वर्षं घरात कुठे होता. परत आल्यावर त्याची जागा बाहेरच्या भिंतीपासून दूर, थेट जमिनीवर नव्हे, गादीवर. ज्या आठवड्यात वाजवणार नसाल त्या आठवड्यात तारा दोन सुरांनी उतरवा. पावसाळ्यात गवसणी दर काही दिवसांनी काढून खोलीच्या हवेवर ठेवा, कारण ओली गवसणीच भोपळ्याला सगळ्यात आधी बुरशी लावते.